काळ्या पाषाणाचे बेट आणि परतीचा प्रश्न

शंकर नगर, रायपूर

मॉरिशसविषयी मराठी नियतकालिकांत जे लेखन येते ते बहुतेक एकाच साच्याचे असते. कोणी साहित्यिक किंवा मंत्री तेथे जाऊन येतो, साता समुद्रापार गणपती बसलेला पाहून त्याचा ऊर भरून येतो, तेथील मंडळी नाकात नथ आणि अंगावर नऊवारी लेऊन आपले स्वागत कसे करतात याचे तो रसभरित वर्णन करतो आणि समुद्रकिनाऱ्याची दोन छायाचित्रे जोडून लेख संपवतो. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तेथे भरली तेव्हापासून तर या लेखांना पूरच आला. दुसरीकडे वृत्तपत्रांच्या परराष्ट्र पानावर चागोस, डिएगो गार्सिया, सार्वभौमत्व, भाडेपट्टा असे शब्द अधूनमधून दिसतात आणि ते वाचणाऱ्याला नथ-नऊवारीच्या त्या बेटाचा या प्रकरणाशी काही संबंध आहे याची गंधवार्ताही नसते. हे दोन्ही मजकूर एकाच देशाविषयीचे, किंबहुना एकाच इतिहासाविषयीचे आहेत, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात चागोस द्वीपसमूहाविषयी करारावर सह्या झाल्या. त्या कराराचे मूल्यमापन आपण कोणत्या कसोटीवर करायचे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आहे.

प्रारंभ भूगोलापासून करू, कारण येथे भूगोलच विलक्षण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पृथ्वीच्या पोटातून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले आणि त्यांचे थरावर थर साचून आपला सह्याद्री घडला. ज्या तप्त स्रोताने हे घडवले तो भूगर्भात एका जागीच राहिला. वर सरकत गेले ते भारतखंड. ते उत्तरेकडे निघून गेले आणि त्या स्रोतावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर एकामागून एक ज्वालामुखींची रांग उठत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या पायाशी असलेली पाण्याखालची डोंगररांग हे त्या प्रवासाचे माग होत. त्यांच्यावर पुढे प्रवाळांनी आपली घरे बांधली. याच स्रोतातून सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रावर आले. शेजारचे रियुनियन त्याहून तरुण असून तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही धगधगत असतो. मॉरिशसचा अग्नी मात्र हजारो वर्षांपूर्वीच विझला. क्युरपिप या गावात त्रू ओ सेर्फ नावाचे एक विवर आहे, त्यात आता झाडी आणि पाणथळ आहे. बेटावरील सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरचे.

म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतांतील काळा धोंडा हे एकाच भट्टीतून निघालेले आहेत. हा योगायोग भूगर्भशास्त्राचा आहे, त्यातून कोणी राष्ट्रीय अहंकाराचे पीक काढू नये. परंतु रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या परिसरातून निघालेल्या शेतमजुराला समुद्रापार उतरल्यावर पुन्हा त्याच जातीचा दगड उचलावा लागला, ही गोष्ट मला विसरता येत नाही. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जागोजागी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले, आजही उभे आहेत. जमीन नांगराखाली आणण्यासाठी ते दगड हातांनी वेचून रचावे लागले. आधी गुलामांनी, मग करारबद्ध मजुरांनी. त्या बेटावरील कष्टकऱ्यांचे याहून खरे स्मारक मला तरी माहीत नाही, आणि त्यावर एकही नाव कोरलेले नाही.

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान जिल्ह्याहूनही कमी. रॉड्रिग्ज, आगालेगा, सेंट ब्रँडन ही बेटे मिळून प्रजासत्ताकाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. या बेटाला मूळचे रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. त्यांच्याच काळात, सतराव्या शतकात, डोडो हा उडू न शकणारा पक्षी पृथ्वीवरून नष्ट झाला, आणि १७१० मध्ये तेही निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकमधून गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, धर्म आणि चालीरीती अबाधित राहिल्या. झेंडा बदलला, जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली. साम्राज्यवादी सत्तांमधील युद्धांचा तळाच्या माणसाला काय लाभ होतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

गिरमिट

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, मालकांना. वीस लाख पौंडांहून अधिक! मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, हे स्वाभाविकच होते. मळेवाल्यांनी मात्र त्याची तजवीज आधीच करून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात पोचले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेला ब्रिटिश बाजारपेठेत वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाल्यामुळे नफ्याचे दरवाजे सताड उघडले होते. माणसे तेवढी हवी होती. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बंदरात उतरवले गेले. १८६१ पर्यंत बेटावरील साठ टक्क्यांहून अधिक लोक भारतीय होते. इतक्या थोड्या वर्षांत एका देशाची लोकसंख्याच बदलून टाकण्याचा हा प्रयोग भांडवलाने केला, आणि तो यशस्वी ठरताच मजुरांची निर्यात त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजीकडेही सुरू झाली.

या करारनाम्याला मजुरांनी ‘गिरमिट’ म्हटले. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चा तो अपभ्रंश. अनुवादकाच्या धंद्यातील एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठीत गिरमिट हा शब्द आधीपासून आहे, आणि त्याचा अर्थ लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. चागोसविषयीचा एक मजकूर मराठीत आणताना मी ‘गिरमिट पद्धती’ असे लिहिले, तर एका ज्येष्ठ कॉम्रेडने समासात पेन्सिलीने लिहून पाठवले: हे सुतारकाम कशाला? मी शब्द बदलला नाही. त्या करारात जी माणसे अडकली त्यांना दोन्ही अर्थ लागू पडले असते.

करार बहुधा पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि अंगावर घालायला थोडे कापड. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला तेथे ‘डबल कट’ म्हणत. आजारी पडणे हेसुद्धा गैरहजर राहणेच होते. करार संपलेल्या जुन्या मजुराला १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे बंधनकारक झाले. तो खिशात नसला की भटक्या ठरवून तुरुंगात रवानगी. मजुरांच्या नोंदवह्यांत प्रत्येकाला क्रमांक होता. बापाचे पहिले नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले आणि तेही फ्रेंच वळणाच्या लेखनात. आपल्या कोकणातील कितीएक आडनावे अशा रीतीने त्या वह्यांत बुडाली. आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जतन केलेल्या आहेत आणि नातवंड-पतवंडे त्यांत आपले गाव शोधत असतात.

मजूर मुकाट्याने सोसत राहिले असे मात्र कोणी समजू नये. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी एका निवेदनावर आपली संमती नोंदवली. ते तयार करण्यास त्यांना मदत केली ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या जर्मन वंशाच्या माणसाने. तो स्वतः मळ्याचा कारभार पाहणारा होता. मळेवाल्यांनी त्याला बेटाबाहेर घालवण्याची मोहीम उघडली. तरीही १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस तेथे थांबले आणि १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मजुरांचे खटले लढवण्यासाठी गेले. या दोघांची नावे आपल्याकडे घेतली जातात. ९,४०१ जणांची घेतली जात नाहीत.

मुंबई बंदरातून जे गेले ते कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडे होते. १८३९ मध्ये थांबवलेली मजुरांची निर्यात १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली आणि रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतील कुणबी, मराठा व इतर कष्टकरी जातींची माणसे जहाजात चढली. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईतील पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५० च्या दशकात, आणि तिच्यामागोमाग जे गिरणगाव वसले त्याचा मोठा भरणा याच रत्नागिरी जिल्ह्यातून झाला. तीच खोती, तेच कर्ज, तीच अपुरी भातशेती. धाकट्या भावाला गिरणीतील जॉबर घेऊन गेला, आणि त्याच्या आधीच्या पिढीतील कोणाला तरी मॉरिशसचा दलाल घेऊन गेला होता. गिरणगावच्या कामगाराचा इतिहास आपण लिहिला, त्याच्या संपांच्या तारखा आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याच घरातून गेलेल्या दुसऱ्या माणसाला आपण सांस्कृतिक कार्यक्रमांच्या स्वाधीन करून मोकळे झालो.

ही माणसे वाक्वा, कास्काव्हेल, शामारेल या भागांत वसली. हेन्रिएटा या गावी १८९६ पासून गणपती बसतो असे तेथील लोक सांगतात. आज गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते आणि तिच्या गाण्यांतील कित्येक शब्दांचे अर्थ गाणाऱ्यांनाही लागत नाहीत. घरातील बोली क्रिओल, शाळेची इंग्रजी, वृत्तपत्रांची फ्रेंच आणि मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून ऐच्छिक विषय. भाषा टिकवण्याची त्यांची धडपड आदरास पात्र आहे यात शंका नाही. परंतु याच धडपडीचा राज्यकर्ता वर्ग कसा उपयोग करून घेतो, हेही पाहिले पाहिजे. मॉरिशसच्या राजकारणात हिंदीभाषक, तमिळ, तेलुगू, मराठी असे कप्पे पाडलेले आहेत, मंत्रिमंडळात कोणत्या कप्प्याला किती जागा याचा हिशेब प्रत्येक निवडणुकीनंतर मांडला जातो, आणि संविधानातही हिंदू, मुस्लिम, चिनी व ‘सामान्य लोकसंख्या’ असे वर्गीकरण घालून ठेवलेले आहे. या सामान्य लोकसंख्येत गुलामांचे वंशज आणि त्यांना एकेकाळी विकत घेणाऱ्यांचे वंशज एकाच रकान्यात बसतात! जमिनीची आणि कारखान्यांची मालकी कोणाकडे आहे, हे विचारणारा रकाना त्या वर्गीकरणात नाही.

जेव्हा कप्पे मोडले

ते कप्पे मोडले गेल्याचेही दाखले आहेत, आणि ते सांस्कृतिक मेळाव्यांतून सांगितले जात नाहीत. २३ फेब्रुवारी १९३६ रोजी डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. क्युरे क्रिओल, त्यांच्यासोबत असलेले एमानुएल आंक्तील क्रिओल, पंडित सहदेव भारतीय. ऑगस्ट १९३७ मध्ये उसाच्या दरावरून असंतोष पेटला आणि युनियन फ्लाक येथील कारखान्यात जमावावर गोळ्या झाडण्यात आल्या. चार जण ठार झाले. त्या कारखान्याचा मालक गोरा नव्हता, भारतीय वंशाचा होता. वंश, धर्म, भाषा सारे एक, आणि बंदुकीच्या दोन बाजूंना दोन वर्ग. यावर अधिक भाष्याची गरज नाही. पुढील वर्षी गोदी कामगारांचा संप झाला, तेव्हा सरकारने आंक्तील यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केले.

२७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे वेतनवाढीसाठी संपावर गेलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अंजले कूपेन ही गरोदर मजूर स्त्री पडली, आणि तिच्यासोबत एक किशोरवयीन मुलगाही. आज तेथील एका मोठ्या क्रीडांगणाला अंजलेचे नाव आहे.

याच सुमारास वस्त्यावस्त्यांत संध्याकाळच्या ‘बैठका’ भरत. शब्द आपलाच. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे सहकारी तेथे मजुरांना अक्षरे शिकवीत. १९४८ च्या नव्या घटनेनुसार कोणत्याही एका प्रचलित भाषेत थोडे लिहिता-वाचता येणाऱ्याला मताधिकार मिळाला, आणि मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांवर गेली. मळेवाल्यांना वाटले होते, मजूर कुठला सही करायला शिकतो! त्या वर्षीच्या निवडणुकीत मळेवाल्यांची सद्दी संपली. आपल्या अभ्यासवर्गांना रिकाम्या खुर्च्या पाहण्याची सवय झालेल्या कॉम्रेडांनी हा दाखला मनाशी ठेवावा.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. सर शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. लवकरच मजूर पक्षाने आपल्या जुन्या प्रतिपक्षाशी हातमिळवणी केली आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या लढाऊ समाजवादी चळवळीने, म्हणजे ‘मुव्हमां मिलितां मोरिसियें’ या पक्षाने, ती पोकळी भरून काढली. १९७१ मध्ये गोदी कामगारांच्या संपांनी देश हादरला, आणीबाणी आली, नेते तुरुंगात गेले. १९८२ मध्ये याच पक्षाच्या आघाडीने ६० पैकी ६० जागा जिंकल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी, काटकसरीचे अंदाजपत्रक आणि नेत्यांमधील फूट यांत तो विजय वर्षभरात विरून गेला. डाव्या चळवळीने या प्रकरणाचा शांतपणे अभ्यास करायला हवा होता. आपण १९८२ मध्ये अभिनंदन केले आणि १९८३ मध्ये विषय बदलला, असे मला वाटते.

आजचे मॉरिशस साखरेवर जगत नाही. निर्यात कापड-कारखाने, पर्यटन, परदेशी भांडवलाची करसवलतीची दुकाने यांवर ते चालते. आफ्रिकेतील यशस्वी देश म्हणून त्याची वाखाणणी होते, आणि मोफत शिक्षण, मोफत आरोग्यसेवा, वृद्धांना निवृत्तिवेतन या तेथील जनतेने लढून मिळवलेल्या गोष्टी आहेतच. परंतु त्याच कापड-कारखान्यांत आता बांगलादेश, भारत आणि मादागास्करमधून मुदतीच्या करारावर आणलेले कामगार काम करतात, मालकाच्या वसतिगृहात झोपतात आणि नोकरी गेली की देशही सोडतात. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या २००६ पासून जागतिक वारसा झाल्या आहेत. त्या पायऱ्यांवर उभे राहून भाषण करणाऱ्यांनी विमानतळाच्या दारातून उतरणाऱ्या या नव्या गिरमिटियांकडेही पाहावे. आणि आपणही. मी हे लिहितो आहे त्या रायपूरच्या स्थानकावर दरवर्षी धानाची कापणी आटोपली की भांडीकुंडी, पोरेबाळे घेऊन वीटभट्ट्यांकडे निघालेली छत्तीसगढी कुटुंबे गाडीची वाट पाहत बसलेली असतात. उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही.

चागोस: विकलेली बेटे

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. स्वातंत्र्य देण्यापूर्वी ब्रिटनने मॉरिशसकडून एक किंमत वसूल केली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राजाज्ञेने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत निर्माण करण्यात आली. बदल्यात मॉरिशसला तीस लाख पौंड. साऱ्या जगात वसाहती मोडीत निघत असताना ही नवी वसाहत जन्मली. वसाहती स्वतंत्र करताना त्यांचे तुकडे पाडू नयेत, असा संयुक्त राष्ट्रांचा १९६० चा ठराव होता. तो सरळ पायदळी तुडवला गेला. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांतील डिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी पन्नास वर्षांच्या मुदतीने देण्यात आले, आणि मोबदला म्हणून पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात अमेरिकेने ब्रिटनला एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट दिली. ही सूट दोन्ही देशांच्या जनप्रतिनिधींपासून लपवून ठेवण्यात आली.

त्या बेटांवर माणसे राहत होती. नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांचे आणि काही भारतीय मजुरांचे वंशज. पंधराशे ते दोन हजार. त्यांची क्रिओल बोली, त्यांचे चर्च, त्यांची स्मशाने तेथे होती. लंडनच्या अधिकाऱ्यांनी कागदोपत्री ठरवले की ही कायम रहिवासी नसून तात्पुरते करारी मजूर आहेत. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर त्यांची तुलना कादंबरीतील टारझन आणि फ्रायडे यांच्याशी करणारा शेरा मारला. १९६८ ते १९७३ या काळात त्यांना हलवण्यात आले. मॉरिशसला उपचारासाठी गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले. मग धान्य येणे बंद झाले. त्यांचे कुत्रे गोळा करून विषारी धुराने मारण्यात आले. उरलेल्यांना ‘नॉर्डव्हेर’ या जहाजात कोंबले. घोड्यांना डेकवर जागा होती, माणसे खाली खताच्या पोत्यांवर झोपली. पोर्ट लुईच्या रोश ब्वा, कासी अशा गरीब वस्त्यांत ही माणसे येऊन पडली, आणि स्वतंत्र मॉरिशसच्या सरकारनेही बराच काळ त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. हेही सांगितले पाहिजे.

लढा उभारला तो स्त्रियांनी. शार्लेझिया अलेक्सिस, लिझेत तालात, रिता बांकू या त्यांच्या अग्रणी. उपोषणे, रस्त्यावर ठिय्या, पोलिसांशी झटापट, अटक. त्यातून १९८२ मध्ये चाळीस लाख पौंडांची भरपाई पदरात पडली. रिता यांचे पुत्र ऑलिव्हिए बांकू यांनी नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला. २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने पुन्हा राजाज्ञा काढून तो निकाल निष्प्रभ केला आणि २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. २०१० मध्ये तर प्रवाळांच्या रक्षणासाठी म्हणून सारा समुद्र संरक्षित क्षेत्र घोषित झाला. जेथे बी-५२ बाँबफेकी विमाने उतरतात तेथे माणसाने मासा पकडल्यास निसर्गाचा तोल जातो, असा हा साम्राज्यवादी पर्यावरणवाद! २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तो बेकायदा ठरवला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने सांगितले की मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीरपणे पूर्ण झालेले नाही आणि ब्रिटनने लवकरात लवकर तेथील कारभार संपवावा. त्याच वर्षी मे महिन्यात आमसभेत ११६ देशांनी तसे मत दिले, विरोधात सहा. भारत ११६ मध्ये होता.

या साऱ्या दडपणाखाली २०२५ चा करार झाला. त्याची कलमे काय सांगतात? चागोसवर मॉरिशसचे सार्वभौमत्व. डिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, म्हणजे अमेरिकेकडे. भाडे वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांचा निधी. इतर बेटांवर पुनर्वसन करण्याची मॉरिशसला मुभा, डिएगो गार्सियावर नाही. सह्यांच्या दिवशीच डिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांनी न्यायालयातून काही तासांची स्थगिती मिळवली होती. आम्हाला कोणी विचारले नाही, हे त्यांचे म्हणणे. स्थगिती उठली, सह्या झाल्या.

पुरोगामी मंडळींत या कराराविषयी दोन मते आहेत. एक मत असे की वसाहतवादाचा हा पराभव आहे आणि लहान राष्ट्राने मोठ्या सत्तेला नमवले आहे. त्यात तथ्य आहे. ब्रिटनने हे सुखासुखी केलेले नाही, आणि तेथील उजव्या पक्षांनी ज्या त्वेषाने त्याला विरोध चालवला तो पाहता करारात काहीतरी त्यांना झोंबणारे आहे हे उघड आहे. मला दुसरे मत अधिक जवळचे वाटते. ज्या तळासाठी माणसे हाकलली तो तळ येत्या शतकापर्यंत पक्का झाला. जमिनीचा मालक बदलला, जमिनीवर कोण उभे राहणार हे बदलले नाही. १८१० मध्ये मॉरिशसच्या मळ्यांवरचा झेंडा बदलला होता, त्याची मला आठवण होते. चागोसवासीयांत कोणाला मॉरिशसचे नागरिकत्व हवे, कोणी इंग्लंडात क्रॉली येथे स्थायिक झाले, कोणी मॉरिशसवरही विश्वास ठेवायला तयार नाहीत. त्यांच्यातील या फुटीचा फायदा लंडनचे उजवे गट आज घेत आहेत. तरीही त्यांना विचारल्यावाचून झालेल्या कराराला आपण मुक्ती म्हणू नये.

आपल्या सरकारची भूमिका काय? १९७० च्या दशकात भारत डिएगो गार्सियाच्या तळाला उघड विरोध करीत असे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले, त्याच महिन्यात आमसभेने हिंदी महासागर हे शांतिक्षेत्र असावे असा ठराव केला, आणि तळ हटवा ही घोषणा आपल्या मोर्च्यांत कित्येक वर्षे दिली गेली. आज नवी दिल्ली कराराचे स्वागत करते आणि तळाविषयी अवाक्षर काढत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन झाले. त्या बेटावर तीनशेच्या आसपास लोक राहतात. हा लष्करी तळ नाही असे दोन्ही सरकारे सांगतात. तीनशे माणसांना एवढी धावपट्टी कशाला, हा प्रश्न तेथील लोक विचारतात, आणि चागोसचा अनुभव पाहता त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. शेजाऱ्याच्या तळाला विरोध आणि स्वतःच्या धावपट्टीबद्दल मौन, अशी भूमिका निदान आपल्या पक्षाची असू नये. महासागर शांतिक्षेत्र व्हावा, ही मागणी वॉशिंग्टन आणि बीजिंगला ऐकवताना ती दिल्लीलाही ऐकवावी लागेल.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशस सरकारच्या जहाजातून काही चागोसवासी ब्रिटिश परवानगीवाचून प्रथमच पेरोस बान्योस बेटावर उतरले. ऑलिव्हिए बांकू त्यांच्यात होते. किनाऱ्यावर झेंडा रोवला गेला, छायाचित्रे निघाली. पण त्या माणसांनी आत जाऊन आधी काय केले, तर पडक्या चर्चमध्ये आणि कबरींवर माजलेले रान साफ केले. नंतर ती जहाजावर परतली. डिएगो गार्सियाकडे ते जहाज वळले नाही.